रात्री उठणाऱ्या मुलासाठी बंद बेड करावा का?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात वारज्यात तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके. मुलगा दहा वर्षांचा, ऑटिझम आणि फिट्स दोन्ही, वजन २६ किलो. चालतो, चढतो, बोलत नाही. रात्री दोन-अडीचला उठतो, गॅलरीच्या ग्रिलवर चढतो, एकदा शेगडीचं बटण फिरवून ठेवलं होतं. आई ओढणीचं एक टोक त्याच्या पायाला आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला बांधून झोपते. ओळखीचा सुतार प्लायचा, वर जाळी आणि बाहेरून कडी असलेला बेड करून द्यायला तयार आहे. सासूबाई म्हणतात, नातवाला पिंजऱ्यात घालणार का? तर असा बेड करावा का, कायद्याने चालतो का, करायचा तर कसा, आणि मे महिन्यात गावी गेल्यावर काय?

ताई, बेडचं नंतर बोलू. ओढणी आज रात्रीपासून बंद करा. फिट येते तेव्हा पाय जोरात झटकला जातो आणि बांधलेल्या पायात तो सगळा झटका सांध्यावर आणि हाडावर येतो. फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन, व्हॅल्प्रोएट यांसारखी फिट्सची औषधं वर्षानुवर्षं चालू असली की हाडं कमजोर होऊ शकतात. त्यात ड जीवनसत्त्व कमी असेल, तर साध्या ओढाताणीतही हाड मोडू शकतं. आणि कूस बदलता बदलता लांब कापड गळ्याशी यायला वेळ लागत नाही. तोवर गादी जमिनीवर घाला, तुम्ही दाराच्या बाजूला झोपा आणि खोलीच्या दाराला मॅग्नेटिक अलार्म लावा. एक तुकडा चौकटीला, एक दाराला, दार उघडलं की किंचाळतो. इलेक्ट्रिकच्या सामानाच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो, ऑनलाइनही. गॅलरीच्या दाराला वरच्या बाजूला जास्तीची कडी, आणि रात्री गॅस सिलिंडरला रेग्युलेटरपाशीच बंद. एवढं या आठवड्यात होतं.

आता मूळ मुद्दा. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक अडकलेत: तो का उठतो, आणि उठल्यावर त्याला इजा कशी होऊ द्यायची नाही. बेड फक्त दुसऱ्याचं उत्तर आहे. पहिला तसाच ठेवून बेड केला, तर दोन वाजता जागा झालेला, कुठेतरी दुखत असलेला आणि ते सांगता न येणारा मुलगा तुम्ही जाळीच्या आत ठेवता. बाहेरून घर शांत दिसतं, एवढाच फरक.

म्हणून बेडचं माप घेण्याआधी मी दोन आठवड्यांची वही मागते. झोपला कधी, उठला कधी, उठल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय केलं, शौच झाली का, दुपारी शाळेच्या व्हॅनमध्ये डुलकी काढली का, औषध किती वाजता दिलं. यातलं 'पहिल्या पाच मिनिटांत काय केलं' हे सगळ्यांत कामाचं. हसत, उड्या मारत उठत असेल तर त्याची झोप पूर्ण झाली असण्याची शक्यता आहे. आठला झोपवलं आणि त्याला सहा तासच पुरत असतील, तर दोनला जाग येणारच. मग झोपायची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढे नेऊन बघायची. कण्हत, पाय आखडत, पोटावर पालथा होत उठत असेल तर दुखणं शोधायचं: बद्धकोष्ठ, पित्त वर येणं, दात, कान. गुदद्वाराशी खाजवत असेल तर जंत, ते रात्रीच त्रास देतात. पाय सारखे घासत असेल तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगा. ते ५० च्या खाली असेल तर लोह देण्याचा विचार बालरोगतज्ज्ञ करतात, हिमोग्लोबिन ठीक असलं तरी. आणि दचकून, डोळे एकीकडे लागलेले, ओठ चाटत उठत असेल तर ती फिटच असू शकते. मोबाइलवर व्हिडिओ काढून न्यूरोलॉजिस्टना दाखवा, शब्दांत वर्णन करण्यापेक्षा ते पन्नास पट बरं. लेव्हेटिरासिटाम हे फिट्सचं औषध नवीन सुरू झालं असेल किंवा डोस वाढला असेल, तर चिडचिड आणि अस्वस्थता त्यामुळेही येते. झोपेसाठी दिलं जाणारं मेलाटोनिन अशा मुलांना बऱ्याचदा उपयोगी पडतं, पण मेडिकलमधून परस्पर आणू नका. डोस आणि वेळ न्यूरोलॉजिस्टनी ठरवायची.

हे सगळं केल्यावर बऱ्याच घरांत बेडची गरज कमी होते. संपतेच असं नाही. काही मुलं कारण सापडूनही रात्री फिरतातच, आणि आईबापांना कधीतरी झोप लागायला हवी. न झोपलेली आई हाही त्या मुलासाठी धोकाच आहे, तेव्हा बेडचा विचार केला म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

असा बेड म्हणजे बांधून ठेवणं झालं का? माझ्या दृष्टीने कसोटी सोपी आहे. मनात आलं तर त्याला स्वतःहून बाहेर येता येतं का? येत नसेल तर ते रिस्ट्रेंट आहे, मग जाळी किती मऊ आणि रंग किती छान का असेना. सासूबाईंचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे, आणि हे त्यांच्याकडे कबूल केलंत तर पुढचं बोलणं सोपं जाईल. दोन वर्षांच्या बाळाचा पाळणा हा रिस्ट्रेंट धरत नाहीत, कारण त्या वयाच्या कुठल्याही बाळाला तो लागतो. दहा वर्षांच्या मुलाचं तसं नाही.

कायद्याचं म्हणाल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ९७ शारीरिक बंधनाबद्दल आहे. ते मानसिक आरोग्य संस्थांना लागू होतं, तुमच्या घरच्या बेडरूमला नाही. शिवाय बौद्धिक अक्षमता त्या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत येत नाही. पण त्या कलमातल्या अटी घरीही उत्तम मोजपट्टी आहेत: तत्काळ होऊ घातलेली इजा टाळायचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, लागेल तेवढाच वेळ, शिक्षा म्हणून नाही, माणसं कमी आहेत म्हणून नाही, आणि नोंद ठेवून. साखळीने बांधायला तर त्याच कायद्याने साफ मनाई आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ तुमच्या मुलाला लागू आहे आणि क्रूर, अमानुष वागणुकीपासून संरक्षण देतो. रात्री झोपेपुरता, डॉक्टर आणि थेरपिस्टच्या लेखी सल्ल्याने, लक्ष ठेवून वापरलेला बेड आणि दिवसभर मूल आत टाकून बाहेर कामं उरकणं, या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून तो सल्ला कागदावर घ्या. कुणी आक्षेप घेतला तर तो कागद हाताशी असावा.

बेड की अख्खी खोली, हे घरावर अवलंबून आहे. दुसरी बेडरूम त्याला देता येत असेल, तर मी आधी खोलीच सुरक्षित करायला सांगते. गादी जमिनीवर, कपाट भिंतीला एल-ब्रॅकेटने ठोकलेलं, खिडकीला आतून ग्रिल, प्लगला टोप्या, ड्रेसिंग टेबल बाहेर, आणि दार पूर्ण लावण्याऐवजी छातीइतक्या उंचीचं अर्धं फाटक. फाटकामुळे आवाज येतो-जातो, हवा खेळते, त्याला घर दिसत राहतं. खर्चही बेडपेक्षा कमी. तुमचा मुलगा ग्रिलवर चढतो म्हणजे फाटकही ओलांडेल, म्हणून त्याला आडव्या पट्ट्या अजिबात नकोत, सपाट प्लाय लावा, आणि अलार्म तिथेही हवा. खोली देता येत नसेल, सासू-सासरे त्याच खोलीत झोपत असतील, किंवा तो डोकं भिंतीवर आपटत असेल, तेव्हा बेडकडे वळायचं.

भाड्याने मिळणारा फाउलर बेड, म्हणजे डोक्याकडची बाजू वर-खाली होणारा हॉस्पिटलचा बेड, आणून रेलिंग वर करायची कल्पना मात्र डोक्यातून काढा. असे बेड प्रौढांच्या मापाने केलेले असतात. आंतरराष्ट्रीय मानकात प्रौढ म्हणजे किमान १४६ सेंटीमीटर उंची, ४० किलो वजन आणि १७ बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा). तुमचा मुलगा २६ किलोचा आहे. त्या रेलिंगच्या दांड्यांमधून त्याचं धड निसटून डोकं अडकू शकतं. शिवाय जो चढतो त्याच्यासाठी रेलिंग म्हणजे पडायची उंची वाढवून ठेवणं.

तयार आयात केलेले बंद बेड चांगले असतात, पण लाखांच्या घरात जातात. दिव्यांगांसाठीच्या सरकारी निरामय आरोग्य विम्यात एक लाखापर्यंतचं संरक्षण उपचारांसाठी आहे, बेडचे पैसे त्यातून मिळतील असं धरून चालू नका. त्यामुळे सुतार हाच पर्याय उरतो, आणि खरी जोखीम इथेच आहे. बंद बेडमध्ये मुलं पडून दगावत नाहीत, फटीत अडकून गुदमरून दगावतात. अमेरिकेत जाळीचं छत असलेल्या एका कंपनीच्या बेडांमध्ये रुग्ण अडकून मृत्यू झाले आणि २००५ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ते वापरू नका असं सांगितलं. तो कारखान्यात तयार झालेला, हॉस्पिटलला विकलेला माल होता. तुमचा सुतार कितीही कसबी असला तरी त्याला दिवाण आणि वॉर्डरोब करायची सवय आहे. मापं तुम्हीच द्यायची आणि उभं राहून तपासून घ्यायची.

पहिली गोष्ट गादी. बेड आधी आणि गादी नंतर, असं करू नका. १०० मिलिमीटर जाडीची घट्ट फोमची किंवा रबराइज्ड कॉयरची गादी आधी आणा, वॉटरप्रूफ कव्हर चढवा, आणि त्या कव्हरसकट गादीभोवती चौकट करून घ्या. मऊ स्पंज नको, दबला की कडेला खाच पडते. चारही बाजूंना गादी आणि बेडची भिंत यांत ३० मिलिमीटरपेक्षा जास्त जागा नको, म्हणजे दोन बोटं कशीबशी जातील इतपत. हे माप गादी दाबून घ्यायचं. एका मोठ्या माणसाने गादीच्या काठावर गुडघा टेकवायचा आणि दुसऱ्याने त्याच्याच शेजारी फट बघायची. कोपऱ्यांत हमखास जास्त निघते. भरायला उशी किंवा गुंडाळलेली चादर कोंबू नका, ती रात्रीतून निघते आणि तोंडाशी येते. गादी सरकू नये म्हणून तळाला वेल्क्रोच्या पट्ट्या ठोका.

तळ जमिनीपासून १०-१५ सेंटीमीटरच वर, आणि त्यात हवेसाठी भोकं. भोकं घेताना लक्षात ठेवा, पाच ते बारा मिलिमीटरच्या भोकात मुलाचं बोट अडकतं. त्यापेक्षा लहान किंवा मोठी घ्या. टिंबर मार्केटमधून १८-१९ एमएमचा बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्यात टिकणारा, प्लाय आणा, साधा कमर्शियल लघवीने फुगतो. सगळ्या कडा गोल करून घ्या. खालचे ४५ सेंटीमीटर भरीव आणि आतून पॅडिंग, त्यावर किमान तीन बाजूंना जाळी. चारही बाजू प्लायच्या केल्या तर ती पेटी होते. आत कोंदतं, आणि फिट आलेली बाहेरून दिसत नाही. पॅडिंगवरचं रेक्झिन खिळ्यांनी ठोकू नका, मुलं कडा उकरून काढतात. मागच्या बाजूने स्टेपल करून वर पट्टी मारा.

जाळीऐवजी उभ्या दांड्या घ्यायच्या असतील तर दोन दांड्यांमधलं अंतर ६० मिलिमीटरच्या आत. सुताराकडून बरोबर ६० मिलिमीटरचा लाकडी ठोकळा कापून घ्या आणि प्रत्येक फटीत जोर लावून घालून बघा. कुठेही गेला, तर ती फट चालणार नाही. दाराच्या आणि चौकटीच्या मधे, छताच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या बाजूला, सगळीकडे हाच ठोकळा. जाळी मच्छरदाणीची नको. तंबूला किंवा सॅकला लावतात ती जाड पॉलिस्टर जाळी बोहरी आळीत विचारा, आणि ती ताणून, दुहेरी शिवण घालून, लाकडी पट्टीखाली दाबून बसवा. सैल जाळी आत झुकते आणि मूल तिच्यात चेहरा खुपसतं. हाताने मधोमध दाबून बघा. गादीच्या कडेशी जाळी फुगून खिसा होत असेल तर पुन्हा ताणायची. आत कुठेही २२ सेंटीमीटरपेक्षा लांब नाडी, पट्टा किंवा दोरी नको.

उंचीत तडजोड करू नका. चढणाऱ्या मुलासाठी छत नसलेला उंच कठडा सर्वांत वाईट, कारण तो चढतोच आणि मग उंचावरून पडतो. छत हवं, तेही जाळीचं, आणि आत तो सरळ उभा राहिला तरी डोक्यावर वीतभर जागा राहावी. एवढा उंच सांगाडा हलवला की डुलतो, म्हणून भिंतीला चार ठिकाणी एल-ब्रॅकेट. खिडकी, पडदा, प्लग आणि डासांच्या लिक्विडचं मशीन यांपासून हातभर लांब.

दार मोठं हवं, बेडच्या निम्म्या लांबीचं तरी, बाहेर उघडणारं. फिट आलेल्या मुलाला तुम्हाला कुशीवर वळवता आलं पाहिजे, गरज पडली तर उचलून बाहेर काढता आलं पाहिजे. छोट्या खिडकीतून ते होत नाही. बाहेरून दोन कड्या, एक वर, एक खाली, दोन्ही एका हाताने आणि अंधारात उघडतील अशा. कुलूप कधीही नाही. आग लागली किंवा तुम्हीच चक्कर येऊन पडलात, तर किल्ली शोधायला वेळ नसतो. झिपचं दार केलंत तर जाड नायलॉन झिप, आणि सीट बेल्ट कापायचं कटर बाहेरच्या बाजूला टांगून ठेवा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडून, सासूबाईंकडूनही, दिवे बंद करून दार उघडण्याचा सराव करून घ्या. दहा सेकंदांत जमत नसेल तर कडी बदला. लॅमिनेट आणि डिंकाचा वास जाईपर्यंत बेड उघड्यावर ठेवा, लगेच वापरू नका.

वापराचे नियम बेडइतकेच महत्त्वाचे. पहिले दोन आठवडे दार उघडं ठेवूनच दिवसा आत खेळू द्या, गोष्ट ऐकवा, मग रात्री उघड्या दाराने झोपवा, आणि मगच कडी. आत उशी, जाड दुलई, मोठी सॉफ्ट टॉईज नकोत. फिट्सवाल्या मुलाला पालथं झोपून तोंड दाबलं जाण्याची भीती असते. आवाज ऐकू येणारा कॅमेरा लावा, पण वीज गेली की वायफाय जातं, तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर घ्या. कॅमेरा असला तरी रात्री दोनदा उठून बघायचं. एप्रिल-मेमध्ये आत बाहेरपेक्षा जास्त उकडतं, मानेच्या मागे हात लावून बघा, ओली असेल तर पंखा वाढवा किंवा दार उघडं ठेवून शेजारी झोपा. जागा होऊन पंधरा-वीस मिनिटं रडत किंवा जाळी ओढत असेल तर दार उघडायचं, डायपर, पाणी, दुखणं बघायचं. तो शांत जागा पडला असेल तर चालेल. दुपारी स्वयंपाक होईपर्यंत, पाहुणे आले म्हणून, किंवा आदळआपट केली म्हणून आत टाकायचं नाही. एकदा तसं केलं की तो बेड त्याच्या डोक्यात शिक्षेची जागा होतो आणि रात्रीही आत जायला मागत नाही.

वहीत रोज चार गोष्टी: कडी किती वाजता लावली, कधी काढली, मध्ये का उघडली, सकाळी अंगावर नवीन खूण आहे का. दर तीन महिन्यांनी उंची आणि वजन घ्या, ठोकळ्याची चाचणी पुन्हा करा, आणि थेरपिस्टसोबत एकच प्रश्न विचारा: अजून लागतो का? नखं जाळीत तुटायला लागली, डोकं आपटणं वाढलं किंवा फिट्स वाढल्या तर तीन महिने थांबू नका. फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर न्यूरोलॉजिस्टनी लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकातला स्प्रे आणि १०८. तो स्प्रे बेडच्या बाहेर ठरलेल्या जागी, घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या.

हॉस्पिटलबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ही वेळ येतेच. सलाइन उपटतो म्हणून नर्स हात बांधायला लागल्या तर आधी आपला माणूस शेजारी बसवायचा पर्याय द्या. तरीही बांधायचं असेल तर विचारा: डॉक्टरांची लेखी ऑर्डर आहे का, किती वेळाची, पुन्हा कोण आणि कधी बघणार? एनएबीएच (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या हॉस्पिटलकडे याचं लेखी धोरण असावं लागतं. अंदाजासाठी सांगते, अमेरिकेत हिंसक किंवा स्वतःला इजा करणाऱ्या वागण्यासाठी दिलेली अशी ऑर्डर नऊ वर्षांखालच्या मुलाला एक तास, ९ ते १७ वयाला दोन तास आणि मोठ्यांना चार तासच चालते. पुढे चालू ठेवायची तर नव्याने घ्यावी लागते.

आता गावचं. हा बेड सोबत नेता येत नाही, आणि ऑनलाइन मिळणारे पॉप-अप तंबू नेऊ नका. ते जमिनीला धरलेले नसतात, मूल आतून लोळलं की तंबूसकट गडगडतं, आणि कापड चेहऱ्यावर येतं. गावी तळमजल्याची, विहीर आणि जिन्यापासून लांबची खोली मागून घ्या. गादी जमिनीवर, दोन मॅग्नेटिक अलार्म बॅगेत, एक दाराला, एक अंगणाच्या फाटकाला. आणि पहिल्या दोन रात्री पाळी लावा: एक ते चार एक जण, चार ते सात दुसरा. नव्या जागी तो नेहमीच्या वेळेआधीच उठेल, हे धरून चाला.